एकशे सत्तावीस मतं

आज एका पोस्टमध्ये पुन्हा तेच वाक्य वाचलं. ‘ताकाइची सानाए यांच्याआधी जपानमध्ये एकही बाई पंतप्रधानपदाच्या आसपास फिरकली नव्हती.’ खाली धडाधड लाइक, आणि टोकलं कुणीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, याबद्दल वादच नाही. पण आसपास फिरकली नव्हती? अहो, ९ ऑगस्ट १९८९ ला जपानच्या वरिष्ठ सभागृहाने पंतप्रधान म्हणून समाजवादी पक्षाच्या नेत्या दोई ताकाको यांचं नाव मंजूर केलं होतं. रीतसर मतदान होऊन. दुसऱ्या फेरीत दोई १२७, सत्ताधारी पक्षाचे काइफु तोशिकी १०९.

मग खुर्ची का मिळाली नाही? तिथे दोन्ही सभागृहं पंतप्रधानासाठी वेगवेगळं मतदान करतात. नावं जुळली नाहीत, तर दोन्हीकडचे दहा-दहा सदस्य एकत्र बसतात. त्यांचंही जमलं नाही, तर राज्यघटनेच्या ६७ व्या कलमाप्रमाणे कनिष्ठ सभागृहाचं नाव कायम होतं. आणि कनिष्ठ सभागृहात सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचं १९८६ मधलं बहुमत अजून शाबूत होतं, ५१२ पैकी ३०० जागांचं. काइफु झाले पंतप्रधान. विषय संपला, आणि बाईंचं नाव लोकांच्या डोक्यातूनही गेलं.

मला दोईबाई म्हटलं की आधी आठवतो तो ‘सान’. जपानी संसदेत अध्यक्ष सदस्याला नावापुढे ‘कुन’ लावून पुकारतात. बाहेर ‘कुन’ म्हणजे वरच्याने खालच्याला, शिक्षकाने मुलाला, साहेबाने हाताखालच्याला लावायचा शब्द. संसदेत मात्र सगळेच ‘कुन’, बायकासुद्धा. ऑगस्ट १९९३ मध्ये दोई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि सदस्यांना ‘सान’ म्हणून पुकारू लागल्या. आपल्याकडे सान म्हणजे लहान. तिथे तो साधा आदराचा शब्द, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना चालणारा. कुठलंही विधेयक आणावं लागलं नाही. फक्त एक अक्षरजोडी बदलली.

त्या मुळात घटनेच्या अभ्यासक. जन्म कोबेचा, १९२८ चा, क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात घटनाशास्त्र शिकवायच्या. १९६९ मध्ये संसदेत आल्या. तेव्हाच्या कायद्यात मुलाचं नागरिकत्व बापावरून ठरायचं. आई जपानी आणि बाप परका असेल तर मूल जन्माने जपानी नाही. ओकिनावात अमेरिकी सैनिकांची अशी कित्येक मुलं कुठल्याच देशाची नव्हती. दोईंनी हा प्रश्न सत्तरच्या दशकात संसदेत लावून धरला. १ जानेवारी १९८५ पासून आईचं नागरिकत्वही चालू लागलं. यावर कुणी पोस्ट लिहीत नाही!

१९८६ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष ८५ जागांवर आपटला, तेव्हा कुठे पक्षाला बाई आठवली. घर पडायला आलं की चावी बाईच्या हातात द्यायची, ही रीत तिकडेही आहे. दोईंनी ती घेतली. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने ३ टक्के उपभोग कर लावला. वाण्याच्या पावतीवर रोज दिसणारा कर. त्यात रिक्रूट कंपनीच्या शेअर्सचं लाचप्रकरण, आणि पंतप्रधान उनो यांचं एका गेशेबरोबरचं (मेजवान्यांत करमणूक करणाऱ्या बाईबरोबरचं) प्रकरण. दोईंचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य एवढंच: ‘जे चालणार नाही ते चालणार नाही.’ २३ जुलैला वरिष्ठ सभागृहाच्या १२६ जागांचा निकाल लागला. समाजवादी ४६, सत्ताधारी ३६. निवडून आलेल्या बायका २२. ‘डोंगर हलला,’ असं त्या म्हणाल्या.

आणि मग पक्षाने माती खाल्ली. हे लिहिताना मला अजून राग येतो. फेब्रुवारी १९९० च्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत बहुमताला २५७ हवे होते, पक्षाने उमेदवार दिले १४९! का, तर तेव्हा एका मतदारसंघातून सहसा तीन ते पाच जण निवडून यायचे. आपल्याच पक्षाचा दुसरा उमेदवार उभा राहिला, की कामगार संघटनांची बांधलेली मतं वाटली जाणार. जुन्या खासदारांना तेच नको होतं. निवडून आले १३६. म्हणजे जवळजवळ सगळेच. लोक द्यायला तयार होते, घ्यायला माणसं उभी नव्हती. वाढलेल्या जागाही बऱ्याचशा इतर विरोधी पक्षांकडूनच आल्या: कोमेइतो ५६ वरून ४५, डेमोक्रॅटिक सोशालिस्ट २६ वरून १४. वरिष्ठ सभागृहाने कर रद्द करायचं विधेयक डिसेंबर १९८९ मध्येच मंजूर केलं होतं, ते कनिष्ठ सभागृहात विरून गेलं. १९९१ च्या स्थानिक निवडणुकांत पक्ष हरला आणि राजीनामा दिला कुणी? दोईंनी.

उत्तर कोरियाने पळवलेल्या जपानी माणसांबद्दल त्यांच्या पक्षाने वर्षानुवर्षं डोळे मिटून घेतले. २००२ मध्ये प्योंगयांगनेच कबुली दिल्यावर दोईंना माफी मागावी लागली. ती चूक मोठीच होती, मान्य.

पण अध्यक्षपदाची वर्षं बघा. जानेवारी १९९४ मध्ये निवडणूक सुधारणेचं विधेयक वरिष्ठ सभागृहात पडलं. तेव्हा पंतप्रधान होसोकावा आणि विरोधी पक्षनेते कोनो यांना समोरासमोर बसवण्यात पुढाकार अध्यक्ष दोईंचा होता. त्यातून एका मतदारसंघाला एकच खासदार अशा ३०० जागा आल्या. त्याच पद्धतीखाली १९९६ मध्ये, पुन्हा दोईंच्याच नेतृत्वात, पक्ष १५ वर आला, २००३ मध्ये ६ वर. तेव्हा कोबेजवळच्या स्वतःच्या मतदारसंघात हरून त्या पक्षाच्या यादीतून, म्हणजे पक्षाच्या मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या जागेवर, आत आल्या, आणि २००५ मध्ये तेही नाही. २०१४ मध्ये गेल्या, ८५ वर्षांच्या होऊन.

तो ‘सान’ही राहिला नाही. त्या १९९६ मध्ये खुर्चीवरून उतरल्या आणि सभागृहात पुन्हा ‘कुन’ सुरू झालं.

आता ती पोस्ट लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पहिल्या पंतप्रधान ताकाइची, हे ठेवा. ‘आसपास फिरकली नव्हती’ हे खोडा, आणि तिथे दोई ताकाको, १९८९, १२७ मतं असं लिहा. नावापुढे ‘सान’ लावून.