ब्लँकेट द्यायचं, पण कसं?

"18,000 रुपये. 100 ब्लँकेटं, एक बॅनर. विषय संपला," राजू म्हणाला आणि चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला.

विषय काही संपला नाही. नागपुरात डिसेंबरचा पारा उतरला की आमच्या चौकात हीच चर्चा निघते: गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे कुठे लावायचे? त्या संध्याकाळी मंडळाचा खजिनदार राजू होता, सीएच्या ऑफिसात काम करणारा प्रशांत होता, सरकारी दवाखान्यात सिस्टर असलेली ज्योतीताई, पोस्टातून रिटायर झालेले वसंतकाका आणि मी.

मी सरळ सांगितलं, मागच्या वर्षीसारखं वाटप असेल तर मी येणार नाही. मागच्या वर्षी पुलाखाली झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर आम्ही ब्लँकेट घातलं. फोटो हलला, म्हणून ते काढून घेतलं आणि परत दिलं. दुसऱ्या वेळेला त्याने हात पुढे केले, पण मान खाली घातली आणि दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. ब्लँकेटचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर अजून आहे.

"अबे, पण रात्रभर गरम तर झोपला ना तो?" राजू म्हणाला. "आणि फोटो नाही टाकला तर वर्गणीवाले मलाच विचारतात, पैसे गेले कुठं? त्यांना काय तोंड दाखवू?"

त्याचंही खोटं नाही. दारोदार पावतीपुस्तक घेऊन तोच फिरतो.

ज्योतीताई राजूच्या बाजूने उतरली. "पहाटे काकडलेली माणसं आणतात आमच्याकडे. बोटं उघडत नाहीत, ओठ निळे पडलेले असतात. त्या वेळेला मान-सन्मान कोण बघते? आधी पांघरूण द्या, बाकीचं मग बोला."

यावर बोलणं अवघड होतं. तरी मी 'गूंज'चं सांगितलं. अंशू गुप्तांनी 1999 मध्ये दिल्लीत घरातल्या 67 कपड्यांपासून सुरू केलेली ही संस्था. थंडीत माणसं मरतात ती निव्वळ थंडीने नाही, अंगावर कपडा नसतो म्हणून मरतात, हे तिथूनच मला कळलं. म्हणजे ताईचंच म्हणणं. पण पुढची गोष्ट अशी की ते कपडा नुसता वाटत नाहीत. गाव बसून ठरवतं की आपल्याला काय पाहिजे: विहीर उपसायची, बांध घालायचा, बांबूचा पूल करायचा. ते काम गावाने करायचं आणि कपड्यांचा संच मेहनतीचा मोबदला म्हणून घरी न्यायचा. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेले कपडे रस्त्याकडेला ढिगाने पडले होते. मासेमारी करणाऱ्या घरांना आपल्या कपाटातले जुने वुलनचे कपडे काय कामाचे? आपण ज्याला दान म्हणतो ते पुष्कळदा घर रिकामं करणंच असतं.

"हे सगळं ठीक आहे," प्रशांत म्हणाला, "पण संस्था म्हटलं की मला धास्ती वाटते. एका ट्रस्टचे हिशेब पाहिलेत मी. गाडीचं डिझेल औषधांपेक्षा जास्त." नाव त्याने घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण उपायही त्यानेच सांगितला: आपल्या राज्यात नोंदणी झालेल्या ट्रस्टला दरवर्षी हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, तेव्हा देण्याआधी ऑडिट रिपोर्ट मागायचा. जी संस्था तो हसतमुखाने देते, तिच्याशी पुढचं बोलायचं.

एवढा वेळ वसंतकाका गप्प होते. त्यांची पहिली नोकरी वरोऱ्याच्या पोस्टातली.

"तुम्हाला आनंदवन म्हणजे मोठं झालेलं आनंदवन माहीत आहे," ते म्हणाले. "सुरुवात ठाऊक आहे का? 1951 साली बाबा आमटे आणि साधनाताई तिथं आले तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. जमीन खडकाळ, झुडपी. पहिली विहीर त्यांनीच खोदली. भाजी पिकली, गाईचं दूध निघालं. पण घ्यायला कोण तयार? वरोऱ्यात कोणी हात लावेना. महारोग्याच्या हातची वांगी कोण खाणार?"

मग काकांनी जे सांगितलं, ते मला अर्धवटच माहीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल या स्विस माणसाने 1920 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ, युद्धाने उद्ध्वस्त झालेलं गाव उभारायला स्वयंसेवक गोळा केले. दोनच वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसं एकत्र फावडी मारत होती. शांततेवर भाषणं करण्यापेक्षा भिंत बांधा, असा त्यांचा खाक्या. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' उभी राहिली. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः इथे येऊन राबले, आणि 1950 च्या दशकात याच संस्थेची वेगवेगळ्या देशांतली पोरं-पोरी आनंदवनात उतरली. दवाखान्याच्या इमारती बांधायला.

"इमारत तर कोणीही बांधली असती," काका म्हणाले. "पण ही गोरी पोरं रोग्यांसोबत विटा वाहत होती आणि त्यांच्याच शेतातली भाजी त्यांच्याच पंगतीत बसून खात होती. हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर गावात आनंदवनची भाजी विकायला लागली."

कट्ट्यावर कोणी बोललं नाही. ज्योतीताईच म्हणाली, "अजून तेच आहे काका. गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. तरी 2019 पर्यंत आपल्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं."

मला आनंदवनातल्या विक्री केंद्रातली एक गोष्ट आठवली. मी सतरंजी घेतली होती. काउंटरवरच्या माणसाची बोटं झडलेली होती. त्याने सतरंजी मनगटांनी दाबून तिची घडी घातली, कागदात गुंडाळली, दोरा दाताने ओढून गाठ मारली. 20 रुपये सुटे परत यायचे होते. मी म्हटलं, राहू द्या भाऊ. त्याने नोट दोन्ही मनगटांत धरून माझ्यासमोर केली आणि मी घेईपर्यंत तशीच धरून ठेवली. माझ्याकडे बघत होता तो, दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो तसा.

मला एवढंच म्हणायचं होतं. त्या माणसासमोर दाता म्हणून उभं राहायचा मला हक्कच नव्हता. मी गिऱ्हाईक होतो, आणि त्याला गिऱ्हाईकच पाहिजे होतं. वरोऱ्याने दानपेटी भरली असती तर आनंदवन तगलं असतं कदाचित, पण भाजी विकत घेतली म्हणून ती माणसं गावाची झाली. पुढे याच लोकांनी आपल्या जमिनीवर कॉलेज उभं केलं, आणि ज्या गावाने भाजी नाकारली होती त्याच गावाची पोरं तिथं शिकली.

"आणि जो काहीच पिकवू शकत नाही तो?" ज्योतीताईने विचारलं. "पुलाखालचा म्हातारा तुला काय विकणार?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही पूर्ण नाही.

प्रशांतने मोबाइलवर हिशेब मांडला. तयार ब्लँकेटं 180 रुपयांची, दोन वर्षांत विरतात. वरोरा इथून शंभरेक किलोमीटर. हातमागाच्या चादरी तिकडून विकत आणल्या तर 100 मिळणार नाहीत, 40 मिळतील, 50 मिळतील. "मग बाकीच्या 50 लोकांनी कुडकुडायचं का?" राजू चिडला. शेवटी ठरलं ते असं: अर्धे पैसे चादरींना, अर्धे ब्लँकेटांना. राजूने खिशातून वहीचा कागद काढून दोन रकमा लिहिल्या, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वाटायला रविवारी रात्री निघायचं, पण झोपलेल्या कोणाच्या अंगावर काही टाकायचं नाही. आधी ज्योतीताई शेजारी बसून विचारणार, पाहिजे का म्हणून.

फोटोवरून मात्र राजू मागे हटला नाही. मी म्हटलं, पावत्यांचा काढ आणि ग्रुपवर टाक. तो म्हणाला, पावतीच्या फोटोला कोण वर्गणी देते? मंगळवारी यावर परत बसायचं आहे. तोवर मागच्या वर्षीचा तो फोटो ग्रुपवरून काढायचं त्याने कबूल केलं आणि तिथेच, चहाचे पैसे देता देता, काढलाही.