लॅपटॉप दुरुस्ती केंद्र कसे काढावे, आणि त्याला कुलूप कोणते लावावे

मागच्या सोमवारी सकाळी पावणेअकराला मी एका कुलपासमोर उभा होतो. कुलूप चांगलं होतं, पितळी, सात लिव्हरचं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकचे निकष सात, लिव्हरही सात, योगायोग म्हणायचा. शेजारी एस.वाय.ची एक मुलगी, मेढ्याहून पहिल्या एसटीनं आलेली, लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून. चार्जरची पिन जरा हलली की चार्जिंग जातं, एवढाच त्याचा आजार. मंगळवारी तिचं प्रोजेक्ट सबमिशन. दारावर सोनेरी अक्षरांत पाटी : ‘विद्यार्थी लॅपटॉप दुरुस्ती व सहाय्य केंद्र. विद्यार्थ्यांनी, विद्यार्थ्यांसाठी.’ किल्ली ज्यांच्याकडे असते ते भाऊसाहेब मेव्हण्याच्या लग्नाला कराडला गेले होते.

असं आदर्श केंद्र साताऱ्यात उभं करण्यात माझाही खारीचा वाटा आहे. मी तिथला तासिका तत्त्वावरचा मास्तर. कॉलेजचं नाव विचारू नका, तुम्हाला तुमचंच वाटेल. परवा दुसऱ्या एका कॉलेजातून फोन आला, “सर, आम्हालाही असं केंद्र काढायचंय, जरा मार्गदर्शन करा.” घ्या मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, तुमच्या आवारात आत्ता लॅपटॉप कोण दुरुस्त करतंय ते शोधून काढा. प्रत्येक होस्टेलवर असा एक पोरगा असतोच. आमचा कोरेगावकडचा आहे, वडील शेतीपंपांच्या मोटरी भरून (वाइंडिंग करून) देतात. हा संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर बसतो. मेसचं ताट पुढ्यात, शेजारी थर्माकोलचा तुकडा. त्यावर पेनानं लॅपटॉपच्या पाठीचा नकाशा काढायचा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू नकाशात त्याच्याच जागी टोचून ठेवायचा. का, तर लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खालच्या बोर्डाला भिडतो आणि धडधाकट यंत्र मरतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, एकदा स्वतःचाच लॅपटॉप मारून शिकला. पंख्यातली धूळ जुन्या टूथब्रशनं काढतो, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो, रॅमच्या पट्टीला खोडरबर घासतो. सहा वर्षांच्या लॅपटॉपातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की मालकाला वाटतं नवीनच घेतला. फी एक वडापाव आणि कटिंग. असा पोरगा सापडला की त्याला ताबडतोब बाजूला काढा. तो कुठल्याही ठरावाशिवाय काम करतो. अशानं केंद्राची गरजच उरत नाही.

मग समिती. अकरा जण घ्या, पेचकस धरता येणारा एकही नको. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून गॅदरिंगचा निवेदक चालतो.

उद्घाटनाला पाहुणे असे बोलवा की ज्यांना लॅपटॉपबद्दल काही बोलायचं नसेल. आमच्या पाहुण्यांनी पंचवीस मिनिटं कर्मवीर सांगितले. १९१९ला काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग, धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मोडलेलं मंगळसूत्र, कमवा आणि शिका. सगळं खरं आणि सगळं ऐकताना आजही गळा दाटतो. टाळ्या झाल्या. ज्यांनी कमवायचं आणि शिकायचं ती पोरं तेव्हा खुर्च्या उचलत होती.

आता खरेदी. इथे घाई करू नका. पोरांनी एक यादी दिली होती, एका पानाची : दोन मल्टिमीटर, एक सोल्डरिंग स्टेशन, बारीक पेचकसांचा संच, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा, थर्मल पेस्ट, सीआर २०३२ची सेलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. या शेवटच्या शब्दावर पहिली सभा संपली. “कॉलेजच्या आवारात अल्कोहोल?” एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून विचारलं. मी सांगितलं, ते पिण्याचं नाही, सर्किट पुसायचं आहे. “पण बिलावर काय लिहून येणार?” दुसऱ्या सभेत ‘विशेष स्वच्छता द्रव’ असं नामकरण झालं. तिसऱ्या सभेत, सोल्डरिंगनं आग लागली तर जबाबदार कोण? चौथीला कोरम नव्हता. मग तीन कोटेशनं. तीनपैकी दोन एकाच अक्षरातली, पण ते जाऊ द्या. शेवटी आलं काय? सहा फिरत्या खुर्च्या, एक काचेचं कपाट, एक पोडियम. पोडियम! दुरुस्ती केंद्रात पोडियम कशाला हो, मेलेल्या लॅपटॉपची शोकसभा घ्यायला? सोल्डरिंग स्टेशन आलं, पण आल्या दिवशी डेड स्टॉकच्या रजिस्टरला चढलं आणि हरवू नये म्हणून कपाटात गेलं. आणि सुटे भाग? चार्जिंगचा जॅक, म्हणजे चार्जरची पिन बसते तो भाग, शंभर-दीडशेत येतो. पण सुटा भाग खर्चाच्या कुठल्या हेडखाली घालायचा हे कुणालाच माहीत नाही. उपकरण म्हणावं तर फार स्वस्त, उपभोग्य वस्तू म्हणावी तर ती संपत नाही. ऑडिटला काय उत्तर द्यायचं? तेव्हा जॅक घ्यायचा नाही. पोडियमला हेड आहे, जॅकला नाही. पोरं म्हणाली, आम्ही वर्गणी काढून वीस जॅक आणतो, दुरुस्तीला दोनशे घेतो, हिशेब वहीत ठेवतो, उरलेल्यातून पुढचे आणतो. एवढं साधं. त्यावर उत्तर मिळालं, “कॉलेजात धंदा चालणार नाही.” पंचवीस मिनिटांच्या भाषणावरच्या टाळ्या आठवतायत ना अजून?

फोटो जिओटॅगच हवेत, हे सांगायला नको. आमच्या सातही फोटोंत एकच उघडा लॅपटॉप आहे, ग्रंथालयातला, तीन वर्षांपूर्वी वारलेला. पेचकस धरणाऱ्या विद्यार्थ्यानं तो टोकाकडून धरलाय. अक्षांश-रेखांश मात्र अचूक.

फुगलेली बॅटरी आली तर ती काचेच्या कपाटात नमुना म्हणून मांडा. नाही, थांबा, हे गमतीतही करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली, दाबली तर पेट घेते. चार्जिंग बंद करून ती वेगळी काढायची, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यायची. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कॉलेजात त्यावर एक पोस्टर स्पर्धाही झाली. वाळूचा डबा कुणी आणला नाही.

जॉब कार्ड छापू नका. कुणाचा लॅपटॉप, काय तक्रार, कुणी उघडला, बॅकअप घेतला का, कधी परत दिला, हे कशाला लिहून ठेवायचं? पासवर्डची चिठ्ठी झाकणावर चिकटवली की झालं. मुली केंद्राकडे फिरकत का नाहीत, असा प्रश्न आमच्या समितीला पडला होता. ज्या यंत्रात घरचे फोटो, बँकेचे मेसेज, सगळं आयुष्य आहे, ते अनोळखी हातात का द्यायचं, हे एकाही मुलीला विचारलं नाही. दोन मुली टेबलामागे बसायला तयार होत्या. त्यातल्या एकीचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा सुबक आहे. त्यांना रांगोळीला घेतलं.

वेळापत्रक : सोमवार ते शुक्रवार ११ ते १, म्हणजे ज्या वेळात सगळ्यांची प्रॅक्टिकल्स असतात.

आणि संधी आली की ती सोडायला शिका. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे फुकटची सुरक्षा अपडेट्स, थांबवला. जुन्या लॅपटॉपात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ चढत नाही. मोडलेलं काही नाही, पण दुकानदार म्हणतो नवीन घ्या. ऊसबिलाची वाट बघणारा बाप नवीन कुठून घेणार? दुरुस्ती केंद्राला याहून मोठी सुगी कुठली? पोरं विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून द्यायला तयार होती, मराठी टायपिंगसकट, फुकट. त्या महिन्यात आमच्या केंद्रात एकच उपक्रम झाला, पोडियमचं पॉलिश.

तर सोमवार. ती मुलगी गावातल्या एका दुकानात गेली. त्यानं झाकण न उघडता निदान केलं : “मदरबोर्ड गेलाय. पुण्याला पाठवावा लागेल. आठ दिवस, साडेसहा हजार.” साताऱ्यात काहीही बिघडलं की ते पुण्यालाच जातं, हे आपल्याला पाठ आहे. ती रडवेली होऊन परत आली. संध्याकाळी कोरेगावच्या पोरानं पायरीवर बसून, स्वतःच्या इस्त्रीनं (सोल्डरिंगच्या, पोरं तिला इस्त्रीच म्हणतात) निखळलेला जॅक चाळीस मिनिटांत पक्का केला. उजेडाला मोबाईलचा टॉर्च मी धरला होता. मंगळवारी तिनं प्रोजेक्ट दिलं.

बुधवारी त्याला नोटीस मिळाली. ‘वसतिगृहाच्या आवारात विनापरवाना विद्युत उपकरणाचा वापर.’ पालकांना घेऊन भेटावे.

आता मात्र मला उपरोध जमत नाही. लाज वाटत नाही का आपल्याला? ज्या पोरानं वर्षभर तुमचं काम फुकट केलं, त्याच्या बापाला पंपाचं काम सोडून कोरेगावहून बोलावता? आगीची भीती होती ना, मग त्या कुलपामागे टेबल आहे, अर्थिंगचा पॉइंट आहे, अग्निशामक नळकांडं आहे, तिथे का नाही बसू दिलंत त्याला? ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द पाटीवर लिहायला रंगारी मिळाला, पण किल्ली विद्यार्थ्याच्या हातात देताना तुमचा हात कापतो. पोरं चोरतील म्हणता. काय चोरतील, पोडियम?

आणि मी कुणाला बोलतोय? अहवालात ‘लाभार्थी विद्यार्थी १८६’ हा आकडा मीच लिहिलाय. उद्घाटनाला बसलेली पोरं मोजली, चहा वाटणारी दोन त्यात धरली. खाली समन्वयक म्हणून सही माझी. तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही, माझ्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर निघायची होती.

ती नोटीस आधी मागे घ्या. सोल्डरिंग स्टेशन डावीकडच्या कपाटात वरच्या खणात आहे, खोक्याची पट्टीसुद्धा निघालेली नाही. मल्टिमीटर त्याच्याच मागे. भाऊसाहेब लग्नाहून आलेत. त्यांच्याकडून किल्ली घेऊन त्या पोराच्या आणि त्या दोन मुलींच्या नावावर लिहून द्या. काही हरवलं तर माझ्या मानधनातून कापा. तसंही ते मार्चपासून आलेलं नाही.