मालेविचच्या चित्रात कष्टकरी माणूस आहे, नीट बघा
चित्रकार काझिमिर मालेविचच्या 'धार लावणारा' या 1912-13 च्या पेंटिंगचा फोटो सगळीकडे फिरतोय, खाली लिहिलंय की याला चित्र काढता येत नव्हतं म्हणून नुसते रंगीत तुकडे केलेत, माणूस कुठे दिसतच नाही, कष्टकऱ्याचं पार मशीन करून टाकलंय आणि हे सगळं इटलीच्या फ्युचरिस्टांकडून, म्हणजे वेग आणि हालचाल रंगवणाऱ्या चित्रकारांकडून, चोरलेलं. यातलं एकही पटण्यासारखं नाही.

माणूस दिसत नाही? मधोमध आहे की, मिशीवाला, चाकावर वाकलेला, हातात चाकू, मागे जिन्याच्या पायऱ्या. मूळ चित्र येल विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीत आहे, जवळपास 80 सेंटीमीटरचा चौकोन, ते मोबाईलवर बोटाएवढं बघून निकाल देऊ नका.

चित्र येत नव्हतं म्हणणाऱ्यांनी त्याचं 1933 चं सेल्फ पोर्ट्रेट बघावं, चेहरा आणि हात अगदी जुन्या मास्टर्सच्या पद्धतीचे.

मशीनचा मुद्दा मात्र मला खरंच लागला. या चित्रात इंजिन नाही, मोटर नाही, चाक फिरतंय ते पायाने पेडल मारल्यामुळे, आणि म्हणूनच पाऊल एकदा न काढता परत परत काढलंय, खाली वर खाली वर, तसेच हात, तसंच पातं, कारण धार लावणं म्हणजे एक पोझ नाहीच, तीच हालचाल न थांबता करत राहणं आहे आणि पात्यावरचा बोटांचा दाब जरा चुकला तरी धार बिघडते. साध्या चित्रात हा माणूस नुसता वाकून थांबलेला दिसला असता, इथे त्याचे कष्ट दिसतात. चित्राच्या नावातच पुढे 'लखलखण्याचं तत्त्व' असं जोडलेलं आहे, ते तुकडे म्हणजे फिरत्या चाकावर पातं चमकतं ना, ती चमक. आणि कष्टकऱ्यांना तुच्छ समजणारा माणूस त्याच काळात लाकूडतोड्या आणि राय धान्याची कापणी करणारे शेतकरी कशाला रंगवत बसेल? त्याचं लहानपणच युक्रेनच्या खेड्यांत गेलं, वडील साखर कारखान्यात नोकरीला होते.

राहिलं चोरीचं. पॅरिसच्या क्युबिझमचा, म्हणजे वस्तू तुकड्यांत मोडून दाखवणाऱ्या शैलीचा, आणि इटलीचा प्रभाव आहेच, तो कोणी नाकारत नाही. पण इटालियन फ्युचरिस्टांच्या 1909 च्या जाहीरनाम्यात रेसिंग कारचं, वेगाचं, युद्धाचं गुणगान आहे आणि मालेविचने ती हालचाल पकडायची रीत घेतली ती रस्त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावून पोट भरणाऱ्या माणसासाठी.