हडसन ओलांडली की माझं ज्ञान संपतं

आत्ताच माझ्या फिजिओथेरपीच्या (इथे ‘पीटी’ म्हणतात) लायसन्सच्या रिन्यूअलसाठी एथिक्सचा ऑनलाइन कोर्स संपवला. संपवला म्हणजे लॅपटॉपवर एक बाई बोलत होत्या आणि मी इकडे मटकीची उसळ परतत होते. शेवटी थोडे प्रश्न. चुकले तर परत द्या, वाटेल तितक्या वेळा. लगेच पीडीएफ आली, सोनेरी किनार, खाली कुणाची तरी झोकदार सही. न्यू जर्सीच्या बोर्डाच्या लेखी मी आता पुढची दोन वर्षं नीतिमान.

आणि दुपारी याच नीतिमान बाईने काकूंना ‘नाही’ सांगितलं होतं.

काकूंचा खुबा मोडला होता. ऑपरेशननंतर इथे न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे होत्या, तेव्हा माझ्याकडे यायच्या. इंग्रजी जेमतेम. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं ते चालण्याबद्दल नव्हतंच, “देवापुढे मांडी घालून कधी बसता येईल?” ते एवढ्यात नाही हे पटवण्यात माझा निम्मा वेळ गेला. पण बाई जिद्दीची. वॉकरवरून काठीवर आली. जिन्याचा मंत्र तर पाठच केला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मोठ्याने म्हणत चढायच्या, क्लिनिकमधले अमेरिकन पेशंट बघत बसायचे.

आता त्या लेकीकडे क्वीन्सला गेल्यात. तिथला जिना अरुंद आणि कठडा नेमका दुसऱ्या बाजूला. म्हणजे काठी कुठल्या हातात, कठडा कुठल्या, सगळंच उलटं. आज त्यांनी व्हिडिओ कॉल केला. “अगं, मी नुसती दोन पायऱ्या उतरून दाखवते. तू बघ आणि सांग.”

मला बघता येत नाही. पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, व्हिडिओवरसुद्धा. माझं न्यू जर्सीचं. काकू न्यूयॉर्कमध्ये. मध्ये एक नदी, हडसन, खालून लोकल धावते, रोज हजारो माणसं डबा घेऊन ये-जा करतात. माझ्या बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवाला मात्र ती नदी ओलांडता येत नाही.

बरं, परीक्षा वेगळी असते का? मुळीच नाही! एनपीटीई, म्हणजे पीटीची राष्ट्रीय परीक्षा, सगळ्या देशाला एकच. पास व्हायला ६०० स्कोअर लागतो, तोही सगळ्या राज्यांत तोच. आयुष्यात फक्त सहा वेळा देता येते. त्याआधी आपल्या भारतातल्या डिग्रीची चिरफाड, विषयवार तास मोजणं, टोफेल. २०१० साली तर भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्तमध्ये शिकलेल्यांना परीक्षेलाच बसू देणं थांबवलं होतं, प्रश्न बाहेर फुटतात म्हणून. फोडले असतील काहींनी, नाही म्हणत नाही. पण शिक्षा सरसकट चार देशांच्या पोरांना. माझ्या ओळखीतल्या मुली तेव्हा व्हिसाच्या तारखा मोजत नुसत्या बसून होत्या. एवढ्या चाळण्यांतून निघाल्यावर तरी माणूस ‘पास’ समजावा की नाही? तर नाही. पन्नास राज्यांचे पन्नास दरवाजे, प्रत्येकाची फी वेगळी.

‘पीटी कॉम्पॅक्ट आहे ना,’ असं कुणीतरी लिहिणारच. आहे, एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देणारा राज्याराज्यांमधला करार. २०१८ पासून आहे, तीसहून जास्त राज्यांनी तो कायदा केलाय, न्यू जर्सीही त्यात आहे आणि चांगली सोय आहे ती. पैसे भरून तिथल्या नियमांची एक चाचणी दिली की विमानाने चार तासांवरच्या टेक्ससमधला पेशंट मी उद्या बघू शकते. पण न्यूयॉर्क त्यात नाही. कॅलिफोर्निया नाही. म्हणजे ह्यूस्टनचा गुडघा चालतो, क्वीन्सचा खुबा चालत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर पेशंटच्या सुरक्षेसाठी. मग ही सुरक्षा मोजतात कशी? अशा कोर्सच्या तासांवर. आमच्याकडे दोन वर्षांत ३० क्रेडिट. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३० तास. न्यूयॉर्कला तीन वर्षांत ३६. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सक्तीच नाही! बॉस्टनचे पेशंट काय जिन्यावरून गडगडत खाली येतायत का? मला जे खरं येतं ते एका म्हाताऱ्या सहकारी बाईंनी शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत, माझाच पाय हातात धरून. पोटरी दुखतेय म्हणून आलेल्या पेशंटला स्ट्रेच द्यायच्या आधी रक्ताच्या गुठळीचा संशय कसा घ्यायचा, हे त्यांनी तिथे दाखवलं. त्याला क्रेडिट शून्य. उसळ परतत ऐकलेल्याला क्रेडिट.

एक कोर्स खरंच चांगला होता, चक्कर येणाऱ्या पेशंटचा, शनिवार-रविवार प्रत्यक्ष हात लावून शिकवणारा. तो कबूल करते. महाग होता, पण होता.

लायसन्सच नको असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. महाराष्ट्रात आमच्या व्यवसायाच्या कौन्सिलचा कायदा २००२ चा, पण कित्येक राज्यांत त्यानंतरही वर्षानुवर्षं काहीच नव्हतं. मुंबईतली मैत्रीण अजून सांगते, चार दिवस मसाज शिकलेला माणूस ‘फिजिओ’ अशी पाटी लावतो आणि मानेला हिसका देऊन मोकळा होतो. २०२१ मध्ये देशपातळीवरचा कायदा झाला, त्यात एका केंद्रीय रजिस्टरची तरतूद आहे. अंमलबजावणी होईल तेव्हा होईल. पण निदान कायद्यात तरी, एकदा नाव लागलं की माणूस देशाचा, ही कल्पना आहे. इथे तेवढीही नाही.

लिहिता लिहिता राग उतरला खरा, पण काकूंच्या लेकीचा मेसेज आत्ता पुन्हा वाचला. तिने तिथला पीटी शोधलाय, चांगला दिसतोय, पण तारीख मिळायला वेळ आहे आणि मराठी बोलणारा नाही. तोपर्यंत काकू वरच्या मजल्यावर. जेवण वर नेतात. मला काही सांगायचंच झालं, तर ‘तिथल्या थेरपिस्टला भेटा’ एवढंच सांगू शकते. काकूंना मी ते सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझी नोकरी नको गं जायला.” म्हणजे त्यांना कळलं. अल्बनीत बसून न्यूयॉर्कचे कायदे करणाऱ्या लोकांना कळत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मत देणारे मित्रमैत्रिणी हे वाचत असतील, तर आपल्या असेंब्ली मेंबरच्या ऑफिसला एक फोन करा आणि पीटी कॉम्पॅक्टचं काय झालं विचारा. बाकी ‘नियम म्हणजे नियम’ अशी कॉमेंट टाकणाऱ्यांनी आधी परदेशी डिग्रीवाल्यांचा लायसन्सचा फॉर्म एकदा भरून दाखवावा, मग बोलू.