सत्त्याऐंशीव्या हिश्शातलं स्टेशन

सांगलीतल्या घराच्या वरच्या खोलीत, सहा बाय चारच्या प्लायवर, मी मिरज-कुर्डुवाडीच्या जुन्या नॅरोगेजवरचं एक मनातलं स्टेशन उभं करतोय. प्रमाण एकास ८७. म्हणजे सहा फुटी गार्ड २१ मिलिमीटरचा, आणि त्याच्या शर्टाचं बटण मिठाच्या कणाहून बारीक. मूळ दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, इथे पावणेनऊ मिलिमीटर. विकत मिळतात ते नऊचे. त्या पाव मिलिमीटरपायी मी दोन रात्री जागलो. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "अहो, उठलाच आहात तर गॅस बंद केलाय का बघा."

खडीचं कोडं मात्र स्वयंपाकघरात सुटलं. खरी खडी ५० मिलिमीटरची. ८७ नं भागा, अर्ध्याच्या जरा वर. म्हणजे रवाच की! करड्या रंगात घोळून पसरला. त्यावर पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडायचं, आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवाच. मी तो विसरलो. फेव्हिकॉलचे थेंब मोत्यासारखे गोळा झाले आणि अर्धी खडी घेऊन गडगडत प्लॅटफॉर्मखाली गेले. शिऱ्याचा बेत रद्द, घरात दोन दिवस मौनव्रत.

माती म्हणून चहाचा चोथा वाळवून टाकला. रंग अगदी आपल्या काळ्या रानाचा. स्टेशनच्या पाटीला हळद फासली; सांगलीत राहून पिवळा रंग विकत कोण आणतो? खिडकीतल्या उन्हानं आठवड्यात पाटी पांढरी पडली.

शेजारचे नाना रेल्वेतून रिटायर झालेले. चष्मा कपाळावर सारून बघत बसतात. "पिचकारी कुठाय रं?" काताचं पाणी टूथपिकनं कोपऱ्यात टेकवलं. "माठाखाली ओल नाही." वार्निशचा ठिपका दिला. "आणि कुत्री? कुत्र्याबिगर स्टेशन असतंय व्हय?"

एक कुत्रा कोरायला बसलो. तीन पायांवर अडकलो.

रविवारी बघतो, तर प्लॅटफॉर्मवर मुंग्यांची रांग. चोथा आधी धुवून घ्यायचा असतो. आमच्याकडच्या चहात साखर किती, हे मुंग्यांना माझ्या आधी कळलं. मी झाडणी उचलली, तोच नानांनी हात धरला. चार मिलिमीटरची मुंगी, गुणिले ८७, झाली ३५ सेंटिमीटर.

"राहू दे," नाना म्हणाले. "पिल्लं हाईत अजून."