ओठ हलवू नका

आईने पाच किलो मालदांडी ज्वारीचा डबा हातात दिला, तेव्हा मी खिशात जीआरईची, म्हणजे परदेशात पुढचं शिकायला द्यायच्या परीक्षेची, इंग्रजी शब्दांची कार्डं कोंबली. माझं व्हर्बल, म्हणजे त्यातला इंग्रजीचा भाग, 170 पैकी 146 वर अडकलंय. एकही उत्तर बरोबर आलं नाही तरी 130 मिळतातच, म्हणजे चार महिन्यांची माझी स्वतःची कमाई सोळा.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची पिठाची गिरणी अशी खडखडते की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. म्हणून मी निर्धास्तपणे ओठ हलवत घोकत उभा होतो. तेवढ्यात एक काका आले आणि आपला बाजरीचा डबा पायाने सरकवत सरळ माझ्या डब्यापुढे. मी काही बोललो नाही. फक्त पुढचं कार्ड वाचलं.

"शिवी कुणाला देलालास बे?"

काकांची उभी हयात कापडाच्या मिलमध्ये गेलेली. मागांच्या आवाजात ओठ बघूनच बोलायची सवय. हे मला आधी कोणी सांगायला नको?

"शिवी नाही काका, शब्द आहे. ऑब्स्ट्रेपरस."

"अर्थ सांग."

इथे थाप मारायला हवी होती. पण घोकलेलं तोंडातून आपोआप पडतं. "आरडाओरडा करणारा. कुणाला न जुमानणारा."

काकांनी हात वर करून गिरणी थांबवायला लावली. खरंच थांबली! "ह्यो पोरगा मला इंग्रजीत म्हणलालाय," त्यांनी जाहीर केलं. सात-आठ माणसं, पीठ माखलेला गिरणीवाला, सगळे माझ्याकडे.

"पुढचं दाखव."

पुढचं गॅर्युलस. वायफळ बडबड्या. त्यापुढचं ऑब्ड्युरेट. हटवादी. मग पुसिलॅनिमस, भेकड. तो काकांनी माझ्याकडे बघत मलाच परत केला.

"तुझ्या परीक्षेत एक बी चांगला माणूस नाही का बे?"

चिडायचं म्हटलं तरी मुद्दा बिनतोड होता. नुसत्या बडबडीसाठी गॅर्युलस, लोक्वेशस, व्होल्युबल. सहा पर्यायांतून एकाच अर्थाचे दोन उचलायचे. एक बरोबर, एक चूक, तर शून्य. ऑगस्ट 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न परीक्षेतून काढून टाकले, तेव्हा म्हणे पोरांना हायसं वाटलं. कसलं हायसं? मला शिकायचंय पुलांचं डिझाइन. पूल काय लोक्वेशस असतो? परीक्षा 2023 पासून 1 तास 58 मिनिटांची केलीय. घोकायचे महिने कोण कमी करणार? आणि फी भरताना वडिलांचा चेहरा बघितलाय मी, त्याचं कार्ड नाही कोणी काढलेलं.

असो. गिरणी बंदच होती. मी घाईने गठ्ठा उलटापालटा करून एक भला माणूस शोधला. "मॅग्नॅनिमस! मोठ्या मनाचा. दुसऱ्याला सांभाळून घेणारा."

"हां, हे बेस हाय," काका खुलले. "मग तू हो की मॅग्नॅनिमस. माझी बाजरी जाऊ दे आधी."

गिरणीवाला हसला, रांग हसली, पट्टा फिरायला लागला. बाजरी गेली. जात्यात उरलेलं काकांचं पीठ माझ्या ज्वारीत उतरलं.

रात्री आईने पहिलीच भाकरी थापली आणि विचारलं, "हे काळपट काय मिसळून आणलंस?"

याला शब्द आहे. अडल्टरेटेड. तो मी मनातच म्हणालो, ओठ घट्ट मिटून.