सीआरपीचा आकडा आणि त्यावर लादलेले अर्थ

सध्या एक आरोग्यविषयक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. रक्तातील सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन म्हणजे शरीरातला ‘छुपा दाह’ (इजा किंवा संसर्गाला शरीर देत असलेली प्रतिक्रिया) पकडण्याचे एकमेव खात्रीचे साधन आहे. ते वाढले असेल तर हृदयविकार किंवा कर्करोग आत शिजतो आहे असे समजावे. ते प्रमाणात असेल तर निर्धास्त राहावे. हेच प्रथिन रक्तवाहिन्या खराब करते, त्यामुळे आकडा खाली आणला की आजारही मागे हटतो. आणि म्हणून प्रत्येकाने ही तपासणी दर महिन्याला करावी, असा त्याचा आशय आहे. यातले प्रत्येक विधान कोणत्या तरी खऱ्या गोष्टीला धरून केलेले आहे, आणि नेमके म्हणूनच ते खोडून काढायला थोडा विस्तार लागतो.

पहिला मुद्दा वाढलेल्या आकड्यावरून रोगाचे नाव सांगण्याचा. १९३० साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकॉकस जंतूच्या एका शर्करायुक्त घटकाशी साका धरणारा पदार्थ आढळला, तोच सीआरपी. न्यूमोनियाची ही खास खूण असावी, अशी आशा फार काळ टिकली नाही, कारण इतर जंतुसंसर्ग, संधिवाती ताप, हृदयविकाराचा झटका अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या अवस्थांतही तो सापडू लागला. याचे कारण साधे आहे. शरीरात कुठेही ऊतींना इजा झाली की इंटरल्युकिन-६ हा संदेशवाहक रेणू यकृतापर्यंत पोहोचतो आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. इजा जंतूंमुळे झाली, शस्त्रक्रियेमुळे की सांध्याच्या आजारामुळे, हे यकृताला कळत नाही, त्यामुळे रिपोर्टलाही कळत नाही. लठ्ठपणा, धूम्रपान आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या यांनीही हा आकडा थोडा वर सरकतो.

आकडा किती वाढला, याला मात्र अर्थ असतो, आणि या मजकुराने सर्वांत मोठा घोळ इथेच घातला आहे. हृदयविकाराच्या जोखमीसाठी जी अतिसंवेदनशील सीआरपी चाचणी करतात, तिच्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ च्या वर म्हणजे अधिक, अशी ढोबळ वाटणी आहे. गंभीर जिवाणूसंसर्गात हाच आकडा १०० च्याही पुढे जातो. म्हणजे साधी सर्दी किंवा दाढेखालचा गळू असताना रक्त दिले, तर त्या जोखमीच्या मोजपट्टीला काही अर्थच उरत नाही. म्हणूनच १० च्या वरचा आकडा आला की आधी तात्कालिक कारण शोधून ते ओसरल्यावर चाचणी पुन्हा करावी, असा संकेत आहे. त्यात एककांची भर पडते. काही लॅब निकाल लिटरमागे देतात, तर काही डेसिलिटरमागे, आणि या दोहोंत दहापट फरक आहे. एका रिपोर्टवरचे ०.८ आणि दुसऱ्यावरचे ८ हे एकच मूल्य असू शकते. आकड्याशेजारची बारीक अक्षरे न वाचता दोन रिपोर्टांची तुलना करून घाबरणारे, किंवा विनाकारण खूश होणारे, लोक थोडे नाहीत.

प्रमाणात असलेल्या आकड्यावर निर्धास्त राहण्याचा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो. ल्युपस या, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटण्याच्या आजारात रोग भडकलेला असूनही सीआरपी फारसा न वाढणे हा नेहमीचा अनुभव आहे. संसर्गाच्या पहिल्या काही तासांत तो वाढलेला नसतो. वाढ साधारण सहा तासांनी दिसू लागते आणि शिखर गाठायला दोन दिवस लागू शकतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णात प्रथिन बनवणारा कारखानाच मंदावलेला असतो. टोसिलिझुमॅबसारखे औषध इंटरल्युकिन-६ चाच मार्ग अडवते, त्यामुळे गंभीर संसर्ग असतानाही आकडा स्वच्छ दिसू शकतो. सुरुवातीच्या अवस्थेतील अनेक कर्करोगांतही तो अजिबात हलत नाही.

‘एकमेव साधन’ हे विशेषण दोन-तीन वाक्यांत निकाली निघते. दाहात फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन वाढते आणि अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन घटते. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन वाढल्याने ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, चढतो, पण तो निव्वळ रक्तक्षय आणि वाढते वय यांमुळेही चढतो. फेरिटिनच्या बाबतीत तर एक सापळाच आहे: दाह असताना ते प्रमाणात दिसले, तरी शरीरातले लोह संपत आलेले असू शकते.

आता मुख्य दावा, म्हणजे हे प्रथिनच आजार घडवते हा. सीआरपी जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते, हे खरे आहे. पण काही माणसांत जनुकीय फरकांमुळे तो जन्मापासूनच थोडा जास्त असतो. प्रथिनच दोषी असते, तर या लोकांना हृदयविकारही त्या हिशेबाने जास्त व्हायला हवा होता. मोठ्या जनुकीय अभ्यासांत तसे आढळले नाही. म्हणजे संशय प्रथिनावरून उठून त्याला वाढवणाऱ्या प्रक्रियेवर जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस या औषधाच्या चाचणीने हेच अधिक स्पष्ट केले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांवर ती झाली. कॅनाकिनुमॅब हे औषध दाहाच्या साखळीतील वरची कडी, इंटरल्युकिन-१ बीटा, अडवते. त्याच्या मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. परंतु जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. दाह हा निव्वळ शत्रू नसून तो संरक्षणही करतो, हे ‘दाह संपवा’ म्हणणाऱ्या मजकुरात कुठेच येत नाही. आकडा खाली आणणारे चूर्ण विकणाऱ्याला ते सोयीचेही नसते.

राहिला दरमहा तपासणीचा आग्रह. निरोगी माणसाचा सीआरपी आठवड्या-आठवड्याला खालीवर होतो; जोखीम ठरवतानाही दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी असे सुचवले गेले आहे. वारंवार मोजणे उपयोगी पडते ते प्रश्न आधीच ठरलेला असतो तिथे. सीआरपीचा अर्धायुकाल (रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे १९ तास असल्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठून तो झपाट्याने उतरायला लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतरण्याऐवजी पुन्हा चढू लागला, तर शल्यचिकित्सक आत कुठे पू झाला आहे का, किंवा आतड्याचा जोड सुटला आहे का, हे रुग्णाला ताप येण्याची वाट न पाहता तपासतो.